बोअर मारणे

विहीर खणतात, तळे बांधतात, पाया भरतात. बोअर मात्र ‘मारतात’. मराठीत ‘मारणे’ या क्रियापदाच्या वाट्याला फारशी सत्कृत्ये आलेली नाहीत. थापा मारतात, माशा मारतात, डल्ला मारतात. फारच झाले तर शिट्टी मारतात. या कंपूत बोअर जाऊन बसला तो उगीच नव्हे, असा मला पुष्कळ दिवसांपासून संशय आहे. विहीर खणायची म्हणजे मुहूर्त पाहावा लागे, खणणाऱ्यांची टोळी महिना-दोन महिने आवारात मुक्कामाला येई, सुरुंगांचे आवाज होत, आणि पाणी लागले की सगळ्या आळीला गूळ वाटला जाई. बोअरला एक रात्र पुरते. संध्याकाळी अंगणात तुळशीवृंदावन आणि मोकळी जागा असते. सकाळी उठून पाहावे तो तुळशीवृंदावन आणि साडेसहा इंचांचे भोक!

साडेसहा इंच म्हणजे पुरती वीतदेखील नव्हे. आमच्या घरातला पाण्याचा पितळी गुंड त्या भोकावर ठेवला तर आत न जाता वरच ऐटीत बसून राहील. रुंदीच्या मानाने खोली मात्र काही विचारू नका. विहिरीत डोकावले की आपले तोंड दिसते, चार हाका मारल्या की चार हाका परत येतात, भिंतीतल्या पिंपळाच्या रोपट्यावर पारवा बसलेला असतो. विहिरीशी माणसाची ओळख होऊ शकते. या भोकात काय पाहणार? त्यात टाकलेला खडा कोठे गेला तेही समजत नाही.

ही सारी तक्रार मी पुस्तकातून काढलेली नाही. आमच्या वरठीच्या घराच्या आवारात असे एक भोक आहे, आणि ते पाडण्यापूर्वी आणि पाडल्यानंतर जे रामायण झाले त्याची हकीकत सांगण्यासाठीच ही प्रस्तावना.

वरठी हे नाव पुष्कळ वाचकांनी ऐकलेले नसेल, पण गाव मात्र त्यांतल्या कित्येकांनी पाहिलेले असेल. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसले की तासाभराने ‘भंडारा रोड’ नावाचे स्टेशन लागते, ते आमच्या वरठीत. स्टेशन आमचे, नाव भंडाऱ्याचे. आणि खुद्द भंडारा तेथून दहा-एक किलोमीटर! रेल्वेने केलेला हा अन्याय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसतो आहोत. गावाला लागून सनफ्लॅगचा पोलादाचा कारखाना आहे, आणि त्याच्याही पलीकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या. मी या बाजूच्या शाळांतून तीस वर्षे भूगोल शिकविला, तेव्हा पाऊस, खडक आणि नद्या यांविषयी मला काही कळते अशी गावात समजूत आहे.

आमचे घर मूळचे एक. वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा मधून भिंत उठली, आणि विहीर नेमकी चुलत्यांच्या बाजूला राहिली. ती आमच्या आजोबांनी खणलेली. चोवीस-पंचवीस हात खोल, दगडी बांधणीची. वाटणी करणारी जुनी माणसे शहाणी होती. त्यांनी कागदात एक ओळ घातली की, विहिरीवर पाणी भरण्याची वहिवाट दोन्ही घरांची राहील. आणि भिंतीत एक फाटक ठेवले. त्या फाटकातून पन्नास-साठ वर्षे पाण्याचे गुंड तर गेलेच, पण त्याबरोबर विरजण गेले, कढीलिंब गेला, तापाच्या गोळ्या गेल्या, सोयरिकीच्या बातम्या गेल्या आणि अधूनमधून कडाक्याची भांडणेही गेली. भांडण कितीही झाले तरी फाटक लावता येत नसे, कारण सकाळी पाणी भरावयाचे असे. अबोला धरलेल्या दोन बायका एकाच रहाटावर उभ्या राहिल्या म्हणजे दोर घसरला की एकीला दुसरीला ओरडून सांगावेच लागते. आमच्याकडले बहुतेक अबोले त्या रहाटावरच संपले.

पुढे रहाट गेला आणि मोटारी आल्या. एका विहिरीत दोन मोटारी. मे महिन्यात पाणी दोन-अडीच हातांवर आले की, एकीने तोंड उघडले म्हणजे दुसरीला हवा खावी लागे. आमचे चिरंजीव पुण्याला असतात. ते दिवाळीला आले म्हणजे मला दरवर्षी एकच प्रश्न विचारीत: “बाबा, अजून दुसऱ्यांच्या विहिरीवर किती दिवस?” त्यांच्या दृष्टीने ती दुसऱ्यांची विहीर! शेवटी त्यांनी पैसे पाठविले, एजंटाचा फोन नंबरही पाठविला, आणि मोकळी जागा पाहून बोअर मारून टाकावा असा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला. घरात आम्ही दोघेच. तेव्हा एकमत म्हणजे कोणाचे, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

पलीकडच्या घरात आता एकट्या वहिनी असतात. माझ्या थोरल्या चुलतभावाच्या पत्नी. वय सत्तरीच्या पुढे, पण गुडघे सोडले तर प्रकृती खणखणीत. बातमी त्यांना लागायचीच होती. त्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या भोकात माह्या इहिरीचं पानी तं नाही ना जानार जी?”

प्रश्न किती साधा! मी भूगोलाचा शिक्षक. तीस वर्षे मुलांना भूजल म्हणजे काय ते फळ्यावर आकृत्या काढून शिकविले. पण त्या क्षणी माझ्या लक्षात आले की, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मलाच काय, जगात कोणालाच देता यावयाचे नाही.

त्याचे कारण आमच्या पायाखाली आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना खडक म्हटला की काळा कातळ आठवतो, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. भंडाऱ्याकडे तो पसारा येऊन पोहोचत नाही. आमच्याकडे त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. दाबाने आणि उष्णतेने रूप पालटलेले, पट्ट्यापट्ट्यांचे नीस आणि पापुद्र्यापापुद्र्यांचे शिस्ट. अशा खडकाच्या अंगात पाणी मुरायला जागा नसते. वरचा भाग ऊन-पावसाने कुजून भुसभुशीत झालेला असतो, त्यात पाणी साठते. आपल्या जुन्या विहिरी त्यावरच जगतात. खाली अखंड खडकात मात्र पाणी असलेच तर ते केवळ भेगांत. आणि या भेगा कोठून कोठे गेल्या आहेत हे कोणी पाहिले आहे? दहा पावलांवरची विहीर आणि बोअर एकमेकांना ओळखत नाहीत असे घडते. आणि आळीच्या दुसऱ्या टोकाचा बोअर चालू झाला की इकडची विहीर उतरते असेही घडते. जमिनीवरची भिंत दोन हात पायाखाली संपते. त्याच्या खाली वाटणीपत्र नाही.

वहिनींच्या प्रश्नामागे आणखीही काही होते, ते बाहेरच्या माणसाला चटकन उमगणार नाही. आमचा जिल्हा तलावांचा. येथे वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत कोसळून जातो, आणि धान तर मागते उभे पाणी. म्हणून जुन्या लोकांनी, विशेषतः कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनी, गावागावांत उताराला पाळी घालून तलाव बांधले. मालगुजारीच्या काळात त्यांची देखभाल मालगुजाराकडे असे. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लांबलचक नाव पडले. सरकारी कागदांत त्याचे आखडून ‘मामा तलाव’ झाले आहे. त्यात आईच्या भावाचा काही संबंध नाही.

या तलावांची करामत अशी की, त्यांचे पाणी डोळ्यांना दिसते. पसरट आणि उथळ. वरच्या बांधीवाल्याने जास्त घेतले की खालच्याला काठावर उभे राहून दिसते, आणि तो तेथल्या तेथे दोन शब्द ऐकवू शकतो. तलावाच्या पाझरावर खालच्या अंगाच्या विहिरी भरत. म्हणजे पाणी कोठून आले, कोणाकडे गेले आणि कोणी चोरले याचा हिशेब सबंध गावाला तोंडपाठ. बोअर याच्या नेमका उलटा: अरुंद, खोल आणि झाकलेला. कोणी किती उपसले ते शेजाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. फार तर मोटारीचा आवाज ऐकावा, तर सबमर्सिबल मोटार खाली पाण्यात बुडून बसलेली. तिचा आवाजदेखील वर येत नाही!

न्यायाला धरून सांगायचे तर भोक पाडून पाणी काढणे आमच्या गावांना अगदीच नवे नव्हते. मी शाळेत असताना चौकात हातपंप बसला. आमच्याकडे त्या हातपंपालाच ‘बोरिंग’ म्हणतात. या हातपंपाची कथा महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. १९६७ च्या सुमारास बिहारच्या दुष्काळात हवेच्या दाबावर चालणारी भोके पाडण्याची यंत्रे परदेशातून आली, आणि कठीण खडकात एका दिवसात भोक पडू लागले. पण त्यावर बसविलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराचे. सगळे गाव तुटून पडले की ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. तेव्हा जालन्याच्या मिशनमधल्या आणि पुढे सोलापूरच्या खटपट्या लोकांनी पोलादाचा मजबूत पंप तयार केला. त्या सोलापुरी पंपावरूनच १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप बेतला गेला, आणि तो पुढे आफ्रिकेपर्यंत पोहोचला. तेही साडेसहा इंचांच्या जातीचेच भोक. पण त्याच्या तोंडाशी दांडा होता, दांड्यापुढे रांग होती आणि रांगेत गावातल्या साऱ्या बातम्या होत्या. भोक गावाचे होते.

असो. वहिनींना मी म्हटले, “विचारून सांगतो.” आणि खरोखरच विचारीत सुटलो.

प्रथम पाणाड्या आला. तो मी बोलावला नव्हता. एजंटाने त्याला गाडीच्या भाड्यातच धरले होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो आवारभर अनवाणी फिरला. दोन ठिकाणी नारळ उभा राहिला. त्यांतली एक जागा वहिनींच्या भिंतीला चिकटून. माझा या नारळावर विश्वास नाही, हे येथेच सांगून टाकतो. पाणाड्याचे पाणी पुष्कळदा लागते हे खरे. पण कुजलेल्या खडकाच्या थरात थोडेबहुत पाणी बहुतेक ठिकाणी असतेच, आणि कोरडा गेलेला बोअर कोणी गावभर सांगत फिरत नाही. जुन्या लोकांची विद्या याहून डोळस होती. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूमिगत पाण्यावर एक अख्खा अध्याय लिहिला, त्यात तो झाडे, वारुळे, मातीचा रंग आणि दगड पाहावयास सांगतो. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर तिच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, असा त्याचा एक ठोकताळा आहे. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. दोन पुरुष! आमच्या एजंटाने सुरुवातच तीनशे फुटांपासून केली.

मग वकील झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारले. त्याने जे सांगितले ते ऐकून मी थोडा वेळ स्वस्थ बसलो. १८४३ साली इंग्लंडात एका गिरणीवाल्याची विहीर जवळच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. तो कोर्टात गेला. कोर्टाने सांगितले की, जमिनीखाली झिरपणारे पाणी ज्याच्या जमिनीत सापडेल त्याचे. शेजाऱ्याची विहीर आटली तरी दाद नाही. हेच तत्त्व १८८२ च्या आमच्या इझमेंट ॲक्टात उतरले: ठरलेल्या प्रवाहाने न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क ज्या त्या मालकाचा. पुढे महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवांना संरक्षण देणारा कायदा केला. २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरांहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून तिच्यावर बंधने आणली. पण वहिनींच्या विहिरीसारख्या एका म्हातारीच्या खाजगी विहिरीला आधार द्यायला त्या वाटणीपत्रातल्या एका ओळीखेरीज काही दिसेना. आणि ती ओळही आमच्या हक्काची, त्यांच्या नव्हे!

म्हणजे कायद्याने मी मोकळा होतो. हे कळल्यावर मला हलके वाटायला हवे होते. उलट फाटकातून जाताना माझे पाऊल अडखळू लागले.

अखेर नागपूरच्या एका भूगर्भतज्ज्ञाने उपयोगाचे बोल सांगितले. “हमी कोणीच देणार नाही,” ते म्हणाले, “पण विहीर जर पस्तीस-चाळीस फुटांवरच्या थरावर जगत असेल, तर तो थर तुमच्या बोअरला बंद करा. केसिंग कठीण खडकात नीट खोल बसवा, बाहेरच्या फटीत सिमेंट भरा, आणि पाणी खालच्या भेगांचेच घ्या. विहिरीपासून जितके लांब जाता येईल तितके जा.” मी नारळाच्या दोन्ही जागा सोडल्या आणि आवाराचा रस्त्याकडचा कोपरा धरला. केसिंग साठ फूट घाला म्हटल्यावर एजंटाचा चेहरा फुलला, कारण नळीचा दर फुटावर. सिमेंट भरा म्हटल्यावर तो पडला. “आजवर कोणी सांगितले नाही, गुरुजी,” तो म्हणाला. ते खरेच असावे.

गाडी रात्री साडेनऊला आली. एक यंत्राची, एक कॉम्प्रेसरची. भारतभर बोअर मारीत फिरणाऱ्या या गाड्यांचे माहेर तमिळनाडूतले तिरुचेंगोडे. आमची गाडीही तिकडलीच. तमिळ बोलणारा मिस्त्री, छत्तीसगडची पोरे, मराठी एजंट आणि मध्ये मी. भाषा कोणाला कोणाची येत नव्हती, पण हातवाऱ्यांनी काम सुरळीत चालले. नारळ फुटला, लिंबू कापले गेले, आणि मग जो आवाज सुरू झाला त्याला ‘आवाज’ म्हणणे म्हणजे महापुराला ओहोळ म्हणणे होय. लोखंडी नळ्यांच्या टोकाला हातोडा असतो. दाबलेल्या हवेने तो मिनिटाला शेकडो ठोके मारतो, आणि तीच हवा खालचा चुरा नळीभोवतालच्या फटीतून वर फेकते. विहीर खणणारा माणूस स्वतः खाली उतरतो. येथे माणूस वरच उभा. खाली जाते ते फक्त धडधडणे.

प्रथम लाल मुरूम आला, मग पिवळट माती, मग राखाडी पीठ. वीस फुटांची एक नळी संपली की दुसरी जोडावयाची. मी खुर्ची टाकून नळ्या मोजीत बसलो होतो, आणि माझ्या डोक्यात जगातली सारी अरुंद भोके येऊन जात होती. चीनच्या सेचुआन प्रांतात मिठाच्या पाण्यासाठी बांबूच्या दोरांना लोखंडी पहार बांधून ठोके देत देत लोकांनी १८३५ साली एक हजार मीटरांहून खोल भोक पाडले. ना वाफ, ना वीज. रशियाने १९७० मध्ये कोला द्वीपकल्पावर जे भोक पाडावयास घेतले ते बारा हजार दोनशे बासष्ट मीटरांपर्यंत गेले आणि उष्णतेपुढे हात टेकून थांबले. रुंदी किती? नऊ इंच! आपल्या कोयनेला, १९६७ च्या भूकंपानंतर तेथे धरणीकंप का होत राहतात हे समजून घेण्यासाठी, गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडून २०१७ मध्ये पुरे केले. तेथे सव्वा किलोमीटर काळा कातळ भेदल्यावर खाली जो जुना खडक लागला, तो आमच्या भंडाऱ्यात थोड्याशा मातीखाली भेटणाऱ्या खडकांचा भाऊबंद. ज्याला भेटायला शास्त्रज्ञांना एवढे खाली जावे लागले, तो आमच्याकडे अंगणातच उभा! या विचाराने मला जरा अभिमान वाटला, आणि तेवढ्यात पिठाचा एक लोट माझ्या चष्म्यावर येऊन बसला.

सातव्या नळीला पीठ ओलसर झाले. नवव्या नळीच्या शेवटी भोकातून एकदम चिखलाचा फवारा उडाला. मग गढूळ, मग बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. दीड इंची, असे मिस्त्रीने बोटांनी दाखविले. एजंट म्हणाला, “आणखी शंभर फूट जाऊ, तीन इंच लागेल.” एकशे ऐंशी फुटांवर मी थांबविले. माझ्या घरात दोन माणसे आणि एक तुळस आहे.

आळीतली मंडळी पाणी पाहायला जमली होती. वहिनी मात्र पाण्याकडे आल्या नाहीत. रात्रीचे अडीच वाजले असतील. त्या आपल्या विहिरीच्या काठावर बॅटरी घेऊन उभ्या होत्या आणि खाली प्रकाश टाकून पाहत होत्या. मी फाटकातून पाहिले. बोललो नाही. काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून केसिंगच्या बाहेरच्या फटीत सिमेंटचा गारा भरून घेतला आणि तोंडाशी ओटा बांधला. मोटार उतरायला आठ दिवस होते, तोवर तोंडावर लोखंडी झाकण बोल्टांनी आवळून बसविले. याबाबतीत मी कोणाचे ऐकत नाही. २००६ साली कुरुक्षेत्राजवळ एक लहान मूल साठ फूट खोल अशाच उघड्या भोकात पडले. सैन्याने शेजारच्या विहिरीतून आडवा बोगदा काढून पन्नास-एक तासांनी त्याला जिवंत बाहेर काढले, आणि सारा देश दूरदर्शनसंचासमोर बसून होता. पुष्कळ मुलांच्या नशिबी तो बोगदा आला नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने कुंपण, ओटा, झाकण आणि निकामी बोअर तळापासून बुजविणे या गोष्टी बंधनकारक केल्या. तरी रस्त्याने जाताना बारदानाचा बोळा कोंबलेली नाहीतर वर नुसता दगड ठेवलेली भोके दिसतात. कोरडा गेलेला बोअर बुजवायला मातीच्या चार गाड्या पुरतात. त्या टाकायला हात का उचलत नाही, हे मला आजवर समजलेले नाही.

यानंतर मी एक काम सुरू केले, त्याची गावात थोडी थट्टा झाली. सुंभाला हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला, आणि दर रविवारी सकाळी वहिनींच्या विहिरीचे पाणी मोजून वहीत लिहू लागलो. नुसत्या एका विहिरीवरून काही ठरत नाही, म्हणून तुलनेसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या देवळाजवळची विहीरही धरली. तेथवर माझ्या दीड इंची बोअरचा हात पोहोचण्याचे कारण नाही. वर्षभर मोजले. मे महिन्यात वहिनींची विहीर आदल्या सालापेक्षा हातभर जास्त उतरली. माझ्या पोटात धस्स झाले. मग देवळाजवळची मोजली. तीही हातभरच उतरलेली! दोन्ही आकडे समोरासमोर मांडलेली वही घेऊन मी फाटकातून गेलो.

“वहिनी, हे पाहा,” मी म्हटले. “तुमची जितकी उतरली तितकीच ती उतरली. म्हणजे आमच्या बोअरचा दोष नाही.”

वहिनी गहू पाखडीत होत्या. त्यांनी वहीकडे पाहिलेसुद्धा नाही. “देवळापाशी बोअर नाहीत का जी?” त्या म्हणाल्या.

मी परत आलो. संध्याकाळी सहज म्हणून फिरायला निघालो आणि मोजले. देवळाच्या आसपास नऊ. आमच्या आळीत माझा धरून सात.

बोअरच्या पाण्याची एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणीच धरली नव्हती. ते जड निघाले. अंघोळीला साबणाचा फेस होईना, आणि डाळ! कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी तुरीचा दाणा जसाच्या तसा. चौथ्या दिवशी आमच्या हिने चरवी उचलली, फाटक उघडले आणि काही एक न बोलता विहिरीचे पाणी आणले. डाळ लोण्यासारखी शिजली. तेव्हापासून अशी व्यवस्था आहे की, पिण्याचे आणि डाळीचे पाणी आम्ही त्यांच्या विहिरीचे आणतो. आणि भिंतीतून एक नळ काढून वहिनींच्या मोरीत दिला आहे, तो आमच्या बोअरचा. धुणीभांडी त्यावर होतात. त्यांनी आपली मोटार वर काढून ठेवली आहे. दोन्ही घरांच्या चरव्यांपुरते पाणी पोहऱ्यानेच निघते. चिरंजीव मागच्या दिवाळीला आले, त्यांनी हा सारा मामला पाहिला आणि विचारले, “मग बोअर मारून उपयोग काय झाला?” त्यांच्या आईने त्यांना जेवायला बसविले.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या कौलांचे पाणी पन्हळींनी एकत्र करून, गोटे, वाळू आणि कोळसा भरलेल्या टाकीतून गाळून, वहिनींच्या विहिरीत सोडण्याची योजना मी केली. त्यांना ती फारशी पसंत पडली नाही. “तुमच्या कवेलूवर मांजरी बसतात,” त्या म्हणाल्या. मग बरीच बोलणी होऊन ठरले की, पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर सोडावयाचे आणि तिसऱ्यापासून आत. त्याप्रमाणे पहिले दोन पाऊस मी नळी बाजूला करून ठेवतो. तिसऱ्या पावसाला वहिनी डोक्यावर पोते घेऊन फाटकात येतात, नळी जागेवर बसवली की नाही ते पाहतात, विहिरीत धार पडल्याचा आवाज ऐकतात, आणि मग आत जातात.